१२० तासांची उमेदवारी

मराठीत 'उमेदवार' हा शब्द आज निवडणुकीपुरता उरला आहे. पण दोन-तीन पिढ्यांपूर्वी 'उमेदवारी करणे' याचा अर्थ वेगळा होता. कचेरीत, छापखान्यात, वैद्याकडे किंवा वकिलाकडे नवखा मुलगा राहायचा. पगार नाही, असला तर नावापुरता. काम पाहायचे, हाताखाली करायचे, चुका करायच्या, बोलणी खायची आणि दोन-चार वर्षांत तरबेज व्हायचे. याला उमेदवारी म्हणत. शाळेत मिळत नाही असे काहीतरी कामाच्या जागी मिळते, हे त्या पद्धतीने गृहीत धरले होते.

आता विद्यापीठांनी हीच गोष्ट पदवीच्या अभ्यासक्रमात आणली आहे. तिला 'इंटर्नशिप', 'आंतरवासिता', 'कार्य-प्रशिक्षण' किंवा सरळ 'ओजेटी' म्हणतात, आणि तिला गुण नव्हे तर 'श्रेयांक', म्हणजे क्रेडिट, मिळतात. नियम झाला, परिपत्रके निघाली. पण जामसंडे, देवगड, मालवण अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो साधाच : "सर, इथे कंपनी कुठे आहे? मी जाऊ कुठे?" आणि त्यामागोमाग दुसरा, जरा हळू आवाजातला : "नाहीतर कुणाची तरी सही मिळेल का?"

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी हा लेख आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : सही मिळेल. ती मिळवणे कठीण नाही, हीच खरी अडचण आहे. जेथे कामाची जागा सापडत नाही तेथे कागद सापडतो. आणि कागद सापडला की विद्यार्थ्याचे १२० तास वाया जातात. म्हणून आधी श्रेयांक म्हणजे नेमके काय ते पाहू.

श्रेयांक : वेळेचे माप

श्रेयांक हे विद्वत्तेचे माप नाही, ते वेळेचे माप आहे. याचा उगमही मजेदार आहे. १९०५ साली अमेरिकेतील पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे वाटायचे तर 'महाविद्यालय' कशाला म्हणायचे ते ठरवावे लागले. त्यासाठी, प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने शाळेत किमान १४ 'एकके' पुरी केलेली असावीत, अशी अट आली. एक एकक म्हणजे एका विषयाचा वर्षभरातील सुमारे १२० तासांचा अभ्यास. निवृत्तिवेतनाच्या हिशेबासाठी केलेले हे माप पुढे शिक्षणाचेच माप होऊन बसले. आजची श्रेयांक पद्धत त्याच कुळातली आहे.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा दिला, त्यात हिशेब असा आहे : वर्गातील अध्यापनाचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक, प्रयोगशाळा, क्षेत्रकार्य किंवा कार्य-प्रशिक्षण यांचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. विद्यार्थी विचारतात, कामाचा तास अर्ध्या किमतीचा का? कारण वर्गातील एका तासामागे घरी वाचन करावे, टिपणे काढावीत, ही अपेक्षा असते. तो वेळ हिशेबात धरलेला नसतो. कामाच्या जागी काम आणि शिकणे एकाच वेळी होते, म्हणून सगळा वेळ मोजला जातो.

तेव्हा चार श्रेयांक म्हणजे १२० तास. रोज सहा तास दिले तर २० दिवस. रोज चार तास दिले तर ३० दिवस. दोन श्रेयांकांचा क्षेत्रप्रकल्प असेल तर ६० तास. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. म्हणजे चार श्रेयांक हा पदवीचा तिसावा भाग झाला. भाग लहान आहे, पण तो पुस्तकाबाहेरचा आहे.

महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवीची जी रचना घालून दिली, तिच्यात तिसऱ्या सत्रात क्षेत्रप्रकल्प, चौथ्यात समुदाय सहभाग प्रकल्प, पाचव्यात या दोहोंपैकी एक आणि सहाव्या सत्रात चार श्रेयांकांचे कार्य-प्रशिक्षण, असा क्रम आहे. स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. म्हणजे संलग्न महाविद्यालयात २०२४-२५ मध्ये पहिल्या वर्षाला बसलेल्या विद्यार्थ्याचे सहावे सत्र २०२६-२७ या वर्षात येते. विषय आणि विद्यापीठ यांनुसार तपशील बदलतो. म्हणून आपल्या अभ्यासक्रमाची छापील प्रत काढून तास, सत्र आणि मूल्यमापनाची पद्धत या तीन गोष्टींखाली रेघ मारून ठेवणे, हे पहिले काम.

मिळवलेले श्रेयांक 'श्रेयांक पेढी'त जमा होतात. तिचे नियम २०२१ मध्ये झाले. एकदा जमा झालेला श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतो. शिक्षण मध्येच सोडावे लागलेल्या मुलीला पुढे परत येता यावे, हा त्यामागचा हेतू आहे. त्यासाठी विद्यार्थ्याचे खाते उघडलेले असणे आणि नाव, जन्मतारीख कागदपत्रांशी जुळणारे असणे आवश्यक असते. काम उत्तम झाले आणि नावातील एका अक्षरामुळे श्रेयांक अडकले, असे होऊ नये.

ही कल्पना नवी नाही

१९०६ साली अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या स्थापत्य अभियंत्याने एक प्रयोग सुरू केला. २७ विद्यार्थी घेतले. त्यांच्या जोड्या केल्या. जोडीतला एक आठवडाभर वर्गात, दुसरा कारखान्यात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्यातील जागा रिकामी राहत नसे आणि वर्गही चालू राहत असे. यंत्रापुढे उभे राहिल्यावर ज्या अडचणी येतात त्या वर्गात निर्माण करता येत नाहीत, हा त्याचा मुद्दा होता.

आपल्याकडे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून 'नई तालीम' पुढे आली. हाताच्या कामातून गणित, भूगोल, विज्ञान शिकावे, हा तिचा गाभा. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' सुचवला. तो शाळांत आला, वेळापत्रकात बसला आणि अनेक ठिकाणी कागदी फुले व पुस्तकखुणा यांवर येऊन थांबला. शिक्षकांना हे ठाऊक आहे. चांगली कल्पना वेळापत्रकात शिरली आणि अनुभव मात्र बाहेर राहिला, हा आपला पूर्वानुभव ध्यानात ठेवूनच कार्य-प्रशिक्षणाकडे पाहायला हवे.

पण ज्या ठिकाणी ही कल्पना टिकली तेही पाहावे. वैद्यकीय पदवीला एक वर्षाची आंतरवासिता सक्तीची आहे आणि तिच्याशिवाय डॉक्टर होता येत नाही. पिलानीच्या संस्थेने १९७३ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना उद्योगात पाठवण्याची पद्धत चालवली. आणि आपल्या अगदी जवळचे उदाहरण कृषी महाविद्यालयांचे आहे. 'ग्रामीण कृषी कार्यानुभव' या नावाने शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी खेड्यात येतात, एका शेतकऱ्याशी जोडले जातात, माती परीक्षणापासून कलमे बांधण्यापर्यंत सगळ्यात भाग घेतात. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात या ग्रामीण व औद्योगिक कार्यानुभवाला मिळून २० श्रेयांक होते, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण सत्र. ही योजना टिकली याचे कारण सरळ आहे. तिच्यात शेतकऱ्यालाही काही मिळते आणि विद्यार्थ्याला रोज काय करायचे ते ठरलेले असते.

जागा कुठे शोधायची?

जामसंड्याहून कोकण रेल्वेचे स्थानक गाठायलाही नांदगाव किंवा कणकवलीपर्यंत जावे लागते. मुंबईत महिनाभर राहून प्रशिक्षण घ्यायचे तर खोलीभाडे आणि खानावळ यांचा खर्च पालकांवर पडतो. शिवाय ज्यांचे मुंबईत कोणी नाही, त्यांच्यासाठी, विशेषतः मुलींसाठी, वाट तिथेच बंद होते. म्हणून जागा आधी सायकलच्या अंतरावर शोधावी. कंपनीचा फलक शोधू नये. जिथे रोज काहीतरी मोजले जाते, नोंदले जाते, दुरुस्त होते किंवा ठरवले जाते, अशी जागा शोधावी. या दृष्टीने पाहिले तर परिसर रिकामा दिसत नाही.

देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था जामसंड्यातच आहे. 'हापूस'ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हाच्या अर्जदारांत ही संस्था होती. २०२५ च्या हंगामात तिने प्रत्येक फळावर वेगळा क्रमांक असलेला शिक्का लावण्याची पद्धत आणली. वाणिज्य, संगणक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र या चारही शाखांच्या विद्यार्थ्यांना अशा कामात प्रश्न सापडू शकतात. याच तालुक्यात रामेश्वर येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आंबा संशोधन उपकेंद्र आहे. वेंगुर्ल्याला प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. आंब्याचा रस काढून डबाबंद करणारे लहानमोठे उद्योग आहेत. तिथे आम्लता, शर्करेचे प्रमाण, निर्जंतुकीकरणाचे तापमान हे रोजचे विषय असतात.

देवगड बंदर आहे. मासळीची आवक, बर्फाचा वापर, जाळ्यांची आस, डिझेलचा खप या साऱ्यांत प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र आणि भौतिकशास्त्र आहे. मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तेव्हा आवक मोजायची असेल तर मे अखेरपूर्वी. इंजिनदुरुस्ती शिकायची असेल तर उलट हेच दोन महिने उत्तम.

इतिहास-भूगोलाच्या विद्यार्थ्यांसाठी विजयदुर्ग आहे आणि सड्यांवरची कातळशिल्पे आहेत. कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत २०२२ मध्ये समावेश झाला. त्यांत मालवण तालुक्यातील कुडोपी आहे. सड्यावर फिरून नोंदी करणे, गावकऱ्यांच्या आठवणी टिपणे, हे काम हौसेचे वाटले तरी शिस्तीने केल्यास पक्के क्षेत्रकार्य ठरते. याखेरीज नगरपंचायतीचे पाणी व कचरा विभाग, ग्रामीण रुग्णालय, पतसंस्था, बँक, ग्रंथालय, मोटारदुरुस्तीचे गॅरेज ही यादी प्रत्येक शिक्षक स्वतःच्या गावासाठी करू शकतो.

जागा पसंत करताना महाविद्यालय ती मान्य करील का, हे आधी विचारून घ्यावे. काम झाल्यावर मान्यता मागणे म्हणजे बस सुटल्यावर तिकीट काढणे. आणखी एक खुलासा : राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना किंवा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची भरती या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांत विद्यावेतन असते, पण त्या पदवीच्या श्रेयांकांसाठी आखलेल्या नाहीत. नावे सारखी असल्याने विद्यार्थ्यांची गल्लत होते.

विचारायचे कसे?

ज्याच्याकडे जायचे त्याचा विचार आधी करावा. बागायतदाराला एप्रिलमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या वेळी "मला काहीतरी शिकवा" म्हणून कोणी दारात उभे राहिले, तर तो एकतर नाही म्हणेल किंवा पेट्यांना खिळे मारायला बसवेल. दोन्हींत त्याचा दोष नाही. विचारणा मोहोराच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत करावी. सहावे सत्रही साधारण त्याच सुमारास सुरू होते.

पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये. अर्धे पान पुरे. त्यात चार गोष्टी असाव्यात : मी कोण व काय शिकतो, किती तास व कोणत्या तारखांना येऊ शकतो, मला काय करता येते (वजनकाटा वापरता येतो, संगणकावर तक्ता करता येतो, सूक्ष्मदर्शक हाताळला आहे), आणि मला कोणत्या एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. "अनुभव हवा आहे" या वाक्याला कोणी उत्तर देऊ शकत नाही. "काका, गेल्या वर्षी साक्यात तुमचे किती आंबे गेले, याची नोंद आहे का?" या प्रश्नावर मात्र बागायतदार खुर्ची पुढे ओढतो.

होकार मिळाला की महाविद्यालयाचे पत्र न्यावे. त्यात कामाचे स्वरूप, तास, दोन्हीकडच्या मार्गदर्शकांची जबाबदारी, सुट्टी, प्रवास आणि अपघात झाल्यास काय, हे स्पष्ट असावे. गावात ओळखी असतात म्हणून हे लिहून घेणे अनेकांना संकोचाचे वाटते. पण ओळख असते तिथेच बोलणे संदिग्ध राहते आणि नंतर रुसवे होतात.

१२० तासांचे काय करायचे?

आता एक कल्पित पण अगदी शक्य असलेले उदाहरण घेऊ. समजा, जामसंड्याची एक विद्यार्थिनी रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला आंब्याचा रस काढणाऱ्या एका लहान उद्योगात २० दिवस मिळाले आहेत. प्रश्न साक्याचा.

साका हा रोग नव्हे. त्यामागे बुरशी, जिवाणू किंवा कीड नसते. फळ पिकताना गराचा काही भाग नीट पिकतच नाही. तो फिकट, स्पंजासारखा आणि आंबट राहतो. बाहेरून फळ देखणे असते, कापल्यावरच कळते. तोडणीनंतर तापलेल्या जमिनीची व हवेची उष्णता फळात साठून पिकण्याची क्रिया बिघडते, असे एक स्पष्टीकरण आहे. फळ झाडावर असतानाच कोयीत अंकुरणाची तयारी सुरू होते आणि ती गरातून पाणी व अन्नद्रव्ये ओढते, असे दुसरे. दोन्ही एकमेकांना खोडून काढत नाहीत. वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' (१९८१) आणि रत्ना व हापूस यांच्या संकरातून 'सिंधू' (१९९२) या साकामुक्त जाती दिल्या. पण बागा हापूसच्याच आहेत. म्हणून शिफारस केली जाते की फळे सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर काढावीत आणि लगेच सावलीत न्यावीत.

ही शिफारस आपल्या बागेत किती उपयोगी पडते, असे बागायतदार विचारतो. विद्यार्थिनी ठरवते : एकाच बागेतील, एकाच वयाच्या कलमांवरची, एकाच दिवशी काढलेली फळे घ्यायची, निम्मी सकाळी आठच्या आत काढून सावलीत ठेवलेली, निम्मी दुपारी काढून तासभर उन्हात राहिलेली. बाकी सर्व सारखे ठेवायचे, फक्त एक गोष्ट बदलायची. क्रेटना दोन रंगांच्या चिंध्या बांधायच्या. सारी फळे एकाच आढीत पिकवायची आणि कापताना साका आहे की नाही एवढेच लिहायचे. कापणाऱ्याला क्रेट कोणता ते सांगायचे नाही, म्हणजे मनाचा कल नोंदीत उतरत नाही.

समजा, प्रत्येक गटात १०० फळे घेतली. सकाळच्या गटात ८ साकी निघाली, दुपारच्या गटात १४. विद्यार्थिनी आनंदाने लिहील : "सकाळी काढल्याने साका जवळजवळ निम्म्यावर येतो." इथे शिक्षकाने तिला थांबवावे. १०० फळांच्या दोन गटांत अशा टक्केवारीत निव्वळ योगायोगानेही फरक पडतो. संख्याशास्त्रातील साध्या सूत्राने या फरकाची प्रमाणित चूक ४.४ टक्के येते. फरकावर भरवसा ठेवण्यासाठी तो तिच्या साधारण दुप्पट, म्हणजे जवळजवळ ९ टक्के असावा लागतो. इथे फरक ६ टक्के आहे. तेव्हा प्रामाणिक निष्कर्ष असा : "फरक दिसतो, पण या नोंदींवरून तो सिद्ध होत नाही."

मग काय करावे? फळे वाढवावीत. प्रत्येक गटात ४०० घेतली तर प्रमाणित चूक निम्मी, २.२ टक्के होते आणि तोच ६ टक्क्यांचा फरक भरवशाचा ठरतो. पण ८०० हापूस प्रयोगासाठी कापू देईल असा बागायतदार कोण? इथेच जागेची निवड उपयोगी पडते. रस काढणाऱ्या उद्योगात फळ कापले जाणारच असते. मोजणाऱ्या मुलीमुळे एकाही आंब्याचे नुकसान होत नाही. चौपट नोंदी केल्या तरच चूक निम्मी होते, हा नियम वर्गात फळ्यावर पाच मिनिटांत सांगता येतो. तो पुन्हा विसरला जात नाही, कारण त्यासाठी हात चिकाने माखलेले असतात.

यात विशेष यंत्र लागले नाही. वजनकाटा, तापमापक, वही आणि दोन रंगांच्या चिंध्या एवढ्यावर हे काम झाले.

वही आणि अहवाल

रोजची वही हा कार्य-प्रशिक्षणाचा कणा आहे. तिच्यात "आज पॅकिंगचे काम पाहिले" असे लिहिण्यात अर्थ नाही. प्रत्येक दिवसाला चार ओळी पुरतात : आज काय केले व किती वेळ, काय मोजले, काय कळले नाही, उद्या कोणाला काय विचारायचे. तिसरी ओळ रिकामी राहिली तर समजावे, तो दिवस शिकण्याच्या दृष्टीने कोरडा गेला. आठवड्यातून एकदा जागेवरच्या मार्गदर्शकाची सही घ्यावी. शेवटच्या दिवशी वीस सह्या एकदम घेतल्या की शाईच सगळे सांगते.

अहवाल लिहिताना विद्यार्थी निम्मी पाने संस्थेचा इतिहास आणि प्रस्तावना यांनी भरतात. ते दोन पानांत संपवावे. बाकी पानांत प्रश्न, पद्धत, नोंदींचे तक्ते, निष्कर्ष आणि काय जमले नाही ते यावे. 'काय जमले नाही' हा भाग लाजेचा नाही. पाऊस लवकर आला, क्रेट मिसळले, दोन दिवसांच्या नोंदी बाद कराव्या लागल्या, हे लिहिणारा विद्यार्थी खरोखर तिथे होता, याचा तोच पुरावा असतो. तोंडी परीक्षेत परीक्षकानेही आधी तेच विचारावे.

अहवालाची एक प्रत, शक्य तर एका पानाचा मराठी सारांश, ज्याने जागा दिली त्याला द्यावा. पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्याला त्याच दारातून आत घेतले जाईल की नाही, हे या एका पानावर अवलंबून असते.

तीन खड्डे

पहिला खड्डा खोट्या प्रमाणपत्राचा. घरबसल्या, पैसे भरून, काम न करता प्रमाणपत्र देणारे अनेक जण निघाले आहेत. त्यातून श्रेयांक मिळालेच तरी नोकरीच्या मुलाखतीत "तिथे रोज काय करत होतात?" या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसते.

दुसरा खड्डा फुकट मजुरीचा. काम शिकताना झाडू मारावा लागतो, पेट्या उचलाव्या लागतात. त्यात कमीपणा नाही. पण वीसच्या वीस दिवस तेच असेल तर ते प्रशिक्षण नव्हे, बिनपगारी मजुरी आहे. विद्यार्थी आल्यामुळे एखाद्या मजुराचा रोज बुडत असेल तर तेही गैर. महाविद्यालयातील मार्गदर्शकाने पहिल्या आठवड्यातच प्रत्यक्ष जाऊन पाहावे. नुसत्या दूरध्वनीवर हे कळत नाही.

तिसरा खड्डा सुरक्षेचा. उकळता रस, पट्ट्यावर चालणारे यंत्र, बंदरावरची निसरडी जेटी, फवारणीची औषधे ही खरी धोक्याची ठिकाणे आहेत. कीटकनाशकाच्या फवारणीत विद्यार्थ्याला उतरवू नये. मुलींसाठी येण्याजाण्याची वेळ, सोबत आणि तक्रार कोणाकडे करायची हे आधी ठरलेले असावे. हे बोलायला संकोच वाटतो म्हणून पालक मुलीला पाठवतच नाहीत. बोलले तर पाठवतात.

शिक्षकाने काय करावे?

शाळेतील शिक्षकाला वाटेल, हा महाविद्यालयाचा विषय आहे. तसे नाही. तिसऱ्या वर्षाला आलेला विद्यार्थी प्रश्न विचारायला, मोजायला आणि अनोळखी माणसाशी नीट बोलायला शिकलेला नसेल, तर १२० तासांत ते होत नाही. त्याची सुरुवात आठवी-नववीतच व्हायला हवी. मे महिन्याच्या सुट्टीत प्रत्येक मुलाने गावातील एका कामाच्या जागी फक्त दोन दिवस बसावे आणि तिथे रोज काय मोजले जाते ते लिहून आणावे. चार श्रेयांकांची तयारी त्या दोन दिवसांत होते. शिवाय पाच वर्षे असे टिपण साठवले तर शाळेकडे गावातील कामाच्या जागांची एक वही तयार होते. महाविद्यालयाला जी जागा सापडत नाही, ती या वहीत सापडेल.

दर वर्षी हंगामात जामसंड्याहून आंब्याच्या पेट्या मुंबईला जातात आणि त्यांच्या मागोमाग शिकलेली मुलेही जातात. जाणाऱ्याने जावे. पण ज्या कलमाखाली तो वाढला, त्याच्या फळात साका का होतो, हे न विचारताच तो पदवीधर झाला, असे मात्र होऊ नये. "सर, इथे कंपनी कुठे आहे?" असे कोणी विचारले, तर त्याला नकाशावर कंपनी दाखवायची गरज नाही. वही द्यावी, तापमापक द्यावा आणि सकाळी सातला बागेत पाठवावे.